निळ्याचं जांभळं करताना

गेले तीन शनिवार हे लिहायला बसतोय आणि उठतोय. कारण यात चूक माझी आहे. दुसऱ्याच्या कोडमधला बग सांगताना आपण कसे भराभर बोलतो, स्वतःचा सांगायची वेळ आली की चहा आठवतो. असो. तीन कप झालेत, आता लिहितोच.

माझी मामेबहीण मेकअप आर्टिस्ट आहे. पोट चालतं ते नवरीच्या मेकअपवर, पण जीव अडकलाय तो डोळ्यांवरच्या ग्राफिक मेकअपमध्ये. म्हणजे काजळाची रेघ आणि वर थोडी चमचम असलं नव्हे. पापणीवर कोबाल्ट निळ्याचा सपाट त्रिकोण, त्याला खेटून केशरी पट्टा, भुवईच्या वर एक सुटी पांढरी कमान, असा प्रकार. लांबून पाहिलं तर चेहऱ्यावर कुणीतरी पोस्टर छापलंय असं वाटतं. हा मेकअप लग्नात चालत नाही (करून बघा, मग सासूबाईंचा चेहरा बघा :-)). ऑफिसला तर नाहीच. तो कॅमेऱ्यासाठीच असतो, आणि शूट संपलं की वीस मिनिटांत कापसाच्या बोळ्यावर येतो.

मी हौशी फोटोग्राफर. आयटीतल्या निम्म्या लोकांसारखा पहिल्या बोनसमध्ये कॅमेरा घेतला, सिंहगडावरचे सूर्योदय काढून झाले, आणि मग सूर्य तोच आहे हे लक्षात आलं. तिला पोर्टफोलिओसाठी फोटो हवे होते, मला माणसं हवी होती. त्यातून कानातल्यांचा एक छोटा ब्रँड मिळाला. त्यांना 'काहीतरी बोल्ड' हवं होतं. ठरलं. रविवार, माझ्या घरचा हॉल, खिडकीला पांढरा पडदा, दोन लाइट, मॉडेल म्हणून तिची कॉलेजची मैत्रीण.

मी मनात मेकअपला अर्धा तास धरला होता. लागले अडीच. पहिला पाऊण तास तर मी घड्याळाकडेच बघत होतो, नंतर बघायचं विसरलो.

तिनं सुरुवातीला रंगाला हातच लावला नाही. मैत्रिणीला समोर सरळ बघायला सांगितलं आणि उघड्या डोळ्यांवर पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले. मी विचारलं, डोळे मिटलेले असताना सोपं नाही का जाणार? तर म्हणाली, "दादा, पापणी म्हणजे घडीचा कागद आहे. मिटल्यावर सरळ काढलेली रेघ उघडल्यावर मोडते." म्हणजे रेघ मुद्दाम वाकडी काढायची, अशी की डोळा उघडला की ती सरळ दिसेल. मिटल्या डोळ्यांवर तिचं डिझाइन खरोखरच विचित्र दिसत होतं, मधेच पायरी पडल्यासारखं. डोळे उघडले की सगळं जागेवर. मी तोंड उघडं टाकून तीन वेळा उघड-मीट करायला लावली.

मग पापणीवरचं तेल पुसून पांढरा क्रीम बेस. हे मला आधी माहीत नव्हतं. आपली पापणी गव्हाळ, सावळी, त्यात कडेला थोडी जांभळट. तिच्यावर थेट फिका रंग लावला तर तो राखाडी पडतो, कारण फिक्या रंगात पांढरी पावडर जास्त असते आणि खालचा तपकिरी तिच्यातून डोकावतो. बाजारातल्या किती पॅलेट गोऱ्या पापणीवर बघून बनवल्यात ते इथे कळतं. खाली पांढरा थर दिला की निळा निळाच दिसतो. पण पांढरा मिलिमीटरभर जरी बाहेर गेला तरी कडेला चुन्यासारखा दिसतो. म्हणून मायसेलर वॉटरमध्ये बुडवलेली कापसाची काडी सतत हातात. ती तिची खोडरबर. मला तर वाटतं तिनं अर्धं चित्र ब्रशनं काढलं आणि अर्धं काडीनं.

रंग पाण्यात कालवायचे, केकच्या वडीसारखे मिळतात ते. दोन्ही डोळे पाळीपाळीनं: डावीकडे एक रेघ, मग उजवीकडे तीच. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे गेलं की दुसरा कधीच जुळत नाही, असं ती म्हणते. आणि तरी तिनं डाव्या डोळ्याचं टोक उजव्यापेक्षा जरा वर नेलं होतं. हे टोक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सुरक्षिततेबद्दल ती फार कडक आहे. क्राफ्टच्या दुकानातला ग्लिटर डोळ्याजवळ आणायचाच नाही. त्याच्या कडा धारदार असतात, बुबुळाला ओरखडा जातो. आणि ओठांना चालणारा प्रत्येक रंग डोळ्याला चालतो असंही नाही. अमेरिकेत डोळ्याभोवती वापरायला मान्यता असलेल्या रंगांची यादी वेगळी आहे, आणि काही झगझगीत गुलाबी-लाल रंग त्या यादीत नाहीत. म्हणून कित्येक डब्यांवर कंपन्या 'आयशॅडो' असं लिहीतच नाहीत, 'प्रेस्ड पिगमेंट' लिहितात आणि मोकळ्या होतात. माझ्यासारख्याला हे ओळखीचं वाटलं. टर्म्स अँड कंडिशन्स शेवटी सगळीकडे सारख्याच.

आता जिथे मी खरा चाट पडलो ती गोष्ट. केशरी पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला तिनं फिरोजी रंग भिडवला होता. झकास दिसत होता. तिनं फोनवर एक फोटो काढला, तो काळापांढरा केला आणि चेहरा पाडला. मला दाखवलं. काळ्यापांढऱ्यात केशरी आणि फिरोजी एकच झाले होते, एकच राखाडी डाग. रंग वेगळे, पण उजेड सारखा. मग तिनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि दोघांच्या मधे केसाएवढी काळी रेघ ओढली. "आता फोटोत फुटणार नाही," म्हणाली.

का फुटणार नाही ते तिला ठाऊक नव्हतं. तिला अनुभवानं इतकंच माहीत की सारख्या उजेडाचे रंग खेटले की नेटवर कड चिखल होते. कारण मला माहीत होतं, आणि मी ते आयुष्यात कधी वापरलं नव्हतं! कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग बघतो. ब्राइस बायरनं कोडॅकमध्ये असताना काढलेली युक्ती, पेटंट १९७६चं: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. बाकीचं गणितानं भरायचं. म्हणजे बारीक रंगीत कड मुळातच अंदाजपंचे असते. त्यात वेबवर टाकताना दाबलेल्या जेपीईजीत सहसा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची माहिती आडवी अर्धी आणि उभी अर्धी करतात. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईनं बघतो आणि रंगातला ढोबळ, या भरवशावर. चार पिक्सेलांत मिळून रंग एकच. दोन रंगांत उजेडाचा फरक असेल तर कड टिकते, नसेल तर ओघळते. तिची काळी रेघ म्हणजे उजेडाची भिंत होती. ज्या गोष्टीवर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, ती गोष्ट या मुलीनं डोळे बारीक करकरून शोधून काढली होती.

म्हणजे हा मेकअप चेहऱ्यासाठी नसतोच. तो त्या उघड्या डोळ्यासाठी, त्या लाइटसाठी, त्या कोनासाठी आणि शेवटी त्या फाइलसाठी काढलेला असतो. शटर दाबेपर्यंत निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात आणि ते मी घेतलेले नसतात.

फोटो छान आले. माझी खरी कामगिरी पुढची.

ब्रँडवाल्यांना फोटो आवडले, फक्त त्यांचं पॅकिंग जांभळं होतं. "निळ्याऐवजी जांभळा करता येईल का?" मी म्हटलं, हात्तिच्या, एक स्लायडर तर आहे. बहिणीला विचारायचं डोक्यातही आलं नाही, कारण माझ्या लेखी ते फोटो एडिटिंग होतं आणि एडिटिंग माझं खातं. निळा निवडला, ओढला, जांभळा झाला. तिथवर आलोच होतो तर म्हटलं डोळेही सारखे करून टाकू. डाव्या डोळ्याचं टोक वर गेलेलं दिसलं, ते लिक्विफायनं खाली आणलं. आपण किती काळजीपूर्वक काम करतो असं वाटून बरंही वाटलं.

फोटो ब्रँडच्या पानावर गेला. खाली मॉडेलचं नाव, माझं नाव, ब्रँडचं नाव. तिचं नव्हतं.

त्याबद्दल ती काही बोलली नाही. दीडेक महिन्यानं बोलली. मुंबईच्या एका सीनियर आर्टिस्टकडे असिस्टंट म्हणून तिनं अर्ज केला होता. त्यांनी तिची इतर कामं बघितलीच, पण नेटवर हा फोटोही त्यांना सापडला. उत्तर आलं की हात चांगला आहे, पण कडा स्वच्छ नाहीत आणि रंगांची जाण कच्ची वाटते. तिनं मला तो फोटो मोठा करून दाखवला. जांभळ्याच्या कडेला सगळीकडे निळ्याची पुसट झालर होती, जिथे माझं सिलेक्शन पोचलं नव्हतं. काडीनं पुसून पुसून तिनं जी कड सुरीसारखी केली होती, ती मी कुरतडलेली होती. डाव्या डोळ्याचं टोक तिनं मुद्दाम वर नेलं होतं, कारण मैत्रिणीची डावी पापणी जरा उतरती आहे. टोक वर गेलं की दोन्ही डोळे फोटोत सारखे वाटतात. मी ते 'दुरुस्त' केल्यावर डोळा झोपाळू दिसायला लागला. आणि निळा तिनं निवडला होता तो केशरीच्या विरुद्ध टोकाचा म्हणून. तिथे जांभळा आणला की दोघांतलं भांडणच संपतं, आणि त्या डोळ्यात जान होती ती त्या भांडणामुळे.

"दादा, तो रंग माझा नाहीये रे," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. अशा फोटोत मेकअप हा फोटोतला विषय नसतो, ती फोटोच्या आतली दुसऱ्या कुणाची तरी कलाकृती असते. तिची रेघ हलवणं, तिचा रंग बदलणं याला एडिटिंग म्हणू नये. कुणाच्या कवितेत शब्द बदलून खाली त्याचं नावही न घालण्यासारखं आहे ते.

कायदा काय म्हणतो तेही शोधलं. (इंजिनियर माणूस अपराधी वाटलं की गूगल करतो.) आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. मेकअप करणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही. परदेशातही गोंधळच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गायक अ‍ॅडम अँटच्या चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून खटला झाला: दोन लाल पट्टे आणि मधे एक फिका निळा. न्यायालयानं म्हटलं, चित्राला पृष्ठभाग लागतो, चेहऱ्यावरचा मेकअप हे चित्र नव्हे. अमेरिकेत 'कॅट्स' नाटकाच्या रंगभूषेवरून २०००मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयानं नेमकं उलट धरलं, की नटाच्या चेहऱ्यावर काढलेलं डिझाइनही संरक्षण मिळण्याइतकं स्थिर असतं. चेहरा तोच, रंग तेच, उत्तरं दोन. वीस मिनिटांत पुसलं जातं म्हणून ते चित्र नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. मग रांगोळीचं काय करायचं?

आणि नाव देणं ही आपल्याला नवीन गोष्ट थोडीच आहे? मराठी नाटकाला जा. पडदा वर जायच्या आधी अंधारात घोषणा होते: नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक, वेशभूषा, रंगभूषा. लहानपणी ती यादी कधी संपते असं व्हायचं. आता वाटतं, त्या अंधारात प्रेक्षकांना सक्तीनं ऐकवलं जायचं की हे चेहरे आपोआप असे झालेले नाहीत. पंढरीदादा जुकरांचं नाव सिनेमा न बघणाऱ्या माझ्या आजीलाही माहीत होतं. आणि आपण, ज्यांना खाली एक नाव टॅग करायला अर्धा सेकंद लागतो, ते विसरतो.

हे नुसतं विसरणं नसतं कधी कधी. मुंबईत सिनेमाच्या मेकअपवाल्यांच्या संघटनेचा कित्येक दशकं नियमच होता की बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्ड द्यायचं नाही, फार तर केशरचनेसाठी. मेकअप पुरुषांनीच करायचा. चारू खुराना आणि इतर काही जणी न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा नियम घटनाविरोधी ठरवला. दोन हजार चौदा! मंगळयान मंगळाभोवती फिरायला लागून दीड महिना झाला होता. त्या कार्डाशिवाय काम करणाऱ्या बायका असणारच. त्यांची नावं कुठल्या श्रेयनामावलीत शोधायची?

डेव्हिड बोवीच्या १९७३च्या 'अलॅडिन सेन'चं कव्हर तुम्ही पाहिलं असेल, चेहऱ्यावरून गेलेली लाल-निळी वीज. टी-शर्टांवर, मगांवर, सगळीकडे आहे. फोटो ब्रायन डफीचा. रंग भरले ते पिएर लारोशनं. असं सांगतात की लारोश एक छोटी वीज काढायला लागला होता, तेव्हा डफीनं पूर्ण चेहऱ्यावर आकार आखून दिला आणि म्हटलं, आता हे भर. म्हणजे कर्ता कोण याचं उत्तर तिथेही सोपं नाही. पण एक गोष्ट बघा. फोटोग्राफरला आकार बदलायचा होता, तर तो त्यानं चेहऱ्यावर बदलला, मेकअपवाला समोर असताना. मलाही निळा नको असता तर रविवारी दुपारी ते बोलता आलं असतं. तिनं जांभळा केला असता, त्याच्याशेजारी केशरीऐवजी वेगळंच काही ठेवलं असतं, आणि तो तिचा जांभळा झाला असता.

"क्लायंटनं पैसे दिलेत, त्याला हवं ते करून द्यायचं," हे माझ्या एका मित्राचं म्हणणं. पैसे दिले हे खरं. पण क्लायंटनं सांगितलं म्हणून मी दुसऱ्या टीमच्या मॉड्यूलमध्ये त्यांना न सांगता बदल करून तो त्यांच्याच नावावर ढकलतो का? ऑफिसात असं केलं तर सोमवारी सकाळी मीटिंग लागेल. इथे तर तिचं नाव न घालता केलं आणि तरी दोष तिच्या हाताला लागला, हे त्याहून वाईट.

बहिणीचं सगळं मला पटतं असंही नाही. तिचं म्हणणं, फाइलला हातच लावू नका. हे जरा अती होतंय. डोळ्यांतली लाल शीर, गालावर सांडलेली निळी पावडर, पापणीवर चिकटलेलं कापसाचं तंतू हे मी काढणार. मळ काढणं वेगळं, रेघ हलवणं वेगळं. उजेड कमीजास्त करणार, कारण तिच्या निऑन केशरीनं माझा लाल चॅनल असा फुटतो की पट्ट्याचा सपाट ठिगळ होतो. यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

आता एआयला सांगितलं तर तोही असे डोळे क्षणात काढून देतो. परवा मी पंधरा-वीस काढून बघितले. रंग भन्नाट. पण बऱ्याच चित्रांत रेघ पापणीच्या घडीवरून अशी सुरळीत गेलेली, जणू तो डोळा कधी मिटतच नाही. बहिणीला दाखवले, तर दुसऱ्याच चित्रावर म्हणाली, "हिला मिटायला सांग बघू."

मी रॉ फाइल पुन्हा उघडली. निळा निळा ठेवला, टोक जिथे होतं तिथे ठेवलं, पावडर काढली. ब्रँडवाल्यांना मेल केला की फोटो बदलून टाका, किमान तिचं नाव तरी घाला. नाव त्यांनी घातलं, फोटो बदलला नाही. त्या नावाचा आता उलटाच त्रास, कारण तो जांभळा अधिकृतपणे तिचा झाला. तेही काढायला लावलं. मग माझ्या पानावर मूळ फोटो टाकला, पहिलं नाव तिचं, खाली चार ओळीत काय झालं ते. मुंबईच्या बाईंनाही दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

बहिणीला मोठी फाइल पाठवली. तासाभरानं तिचा मेसेज: "केशरी जरा पिवळा गेलाय. परत उघड."